उन्हात वाळवलेली कवळी

माझा समोरचा वरचा एक दात करडा आहे. फोटो काढताना ओठ मिटून हसत जा, असा सल्ला मला आजवर पुष्कळ जणींनी दिला आणि ज्यांनी दिला त्यांच्यासमोर मी मुद्दाम बत्तीशी दाखवून हसले. मला राग पटकन येतो. कबड्डीत तो उपयोगी पडतो, बाकी ठिकाणी फारसा नाही. हा दात वाचवण्यासाठी आमच्या घरात जे काही झालं त्यातलं निम्मं चुकीचं होतं आणि निम्मं बरोबर. पण कोणतं निम्मं कोणतं, याबद्दल आई आणि मी, दोघीही बराच काळ गैरसमजात होतो.

आमचं घर रेवदंड्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. बाबा बोटीवर असायचे, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच. आई मासळी सुकवते. घरामागे वाळूत बांबूच्या उंच वलांड्या उभ्या आहेत. जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या त्यांवर टांगायच्या, खाली जाळ्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरायचा, दुपारी उलथापालथ करायची आणि कावळ्यांच्या नावाने बोंब ठोकायची, हे तिचं काम. वलांड्यांच्या पलीकडे मोकळी जागा होती. तिथे आम्ही मुली संध्याकाळी कबड्डी खेळायचो. रायगडात कबड्डी कोणाला शिकवावी लागत नाही, पोर चालायला लागलं की मध्यरेषा कुठे आहे ते त्याला कळतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. चढाई करून परतत होते, दोघींनी पाय धरले, मी रेषेकडे झेप टाकली आणि एकीचं ढोपर माझ्या तोंडावर बसलं. दुखलं नाही. फक्त तोंडात एक मोठी मोकळी जागा झाल्यासारखं वाटलं आणि मग रक्त आलं. मुली ओरडायला लागल्या. आई वलांडीखालून धावत आली, माझ्या तोंडावर टॉवेल दाबला आणि वाळूत गुडघे टेकून दात शोधायला बसली. जवळ्यातून बारीक खडे आणि खेकड्यांच्या नांग्या निवडण्यात तिचा जन्म गेलेला. दात तिला लगेच सापडला.

अलिबागपर्यंतच्या रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. आई गप्प बसणारी बाई नव्हे. बाजारात मासळीच्या टोपलीपाशी ती बसली की पलीकडच्या गल्लीला कळतं. मी टॉवेलातून विचारत होते, दात कुठाय, दात कुठाय, आणि ती ओठ घट्ट मिटून समोर बघत होती. एकदा फक्त तिने माझ्या मांडीवर थोपटलं. ती माझ्यावर भयंकर चिडली आहे, आता खेळ कायमचा बंद, एवढंच मला कळलं. तेवढ्या रक्तातही मला तिचा राग आला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत मी आडवी झाले आणि त्यांनी दात आणलाय का म्हणून विचारलं, तेव्हा आईने दोन बोटं तोंडात घातली आणि जिभेखालून माझा दात काढून त्यांच्यापुढे धरला.

मॅडमनी तो अलगद घेतला. मग घाईघाईने कामाला लागल्या. दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला. सगळं झाल्यावर त्यांनी आईच्या ओठांना लागलेलं रक्त पाहिलं आणि गुलाबी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. "मावशी, गुळणी करून घ्या," त्या म्हणाल्या. आईने मान खाली घातली आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर खूप वेळ गुळण्या केल्या. मला हे आठवतं, कारण मी मनात म्हणत होते, किती वेळ लावतेय ही.

दात धरला. पण काही महिन्यांनी त्याचा रंग उतरत उतरत करडा झाला. मॅडमनी आतली नस काढून टाकली आणि रंगाची काळजी करू नकोस म्हणाल्या. त्याच सुमारास आईने मशेरी सोडली. मला आठवतं तेव्हापासून ती रोज सकाळी मागच्या पायरीवर बसून मशेरी लावायची. तंबाखू भाजल्याचा तो उग्र वास म्हणजे आमच्या घरातली सकाळ. मी विचारलं तर म्हणाली, "कंटाला आला." मशेरीचा कधी कोणाला कंटाळा आल्याचं मी ऐकलेलं नाही, पण चौकशी करत बसले नाही. मला तेव्हा माझ्याच दातापलीकडे काही दिसत नव्हतं.

खेळायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. मॅडमनी सांगितलं होतं की त्याच दाताला पुन्हा मार बसला तर त्यांच्या हातात काही उरणार नाही, तेव्हा माउथगार्ड घातल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही. आईने त्यात आपली भर घातली. "दात परत हालला त खेल बंद. मग रडायचा न्हाय." बाबांकडे अपील करायची सोय नव्हती. ते समुद्रावर, आणि आले तरी आईच्या निकालावर अपील चालत नाही.

पहिला गार्ड खेळाच्या सामानाच्या दुकानातला होता. गरम पाण्यात मऊ करायचा आणि चावून आपल्या दातांवर बसवायचा. तो मी मॅच झाली की ओल्या पिशवीत कोंबायची. एक दिवस त्याच्या कडेला काळी बुरशी दिसली, आणि त्याच आठवड्यात माझ्या तोंडात फोड आले, घसा धरला, ताप चढला. कॉलेजची स्पर्धा हुकली. आईने तो गार्ड चिमट्यात धरून चुलीत टाकला. जळताना त्याने जो वास सोडला त्याने शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

मग मॅडमनी नवा गार्ड करून दिला. पेनासारखा छोटा कॅमेरा तोंडात फिरवून त्यांनी माझे दात संगणकात घेतले आणि कोपऱ्यातल्या यंत्राने त्यावरून गार्ड छापला. खाली पातळ रसायनाची ताटली, त्यावर प्रकाश पडत जातो आणि एकेक पातळ थर घट्ट होत गार्ड वर येतो. मी तोंड उघडं टाकून बघत होते. गार्ड दुधी, लवचिक, आणि इतका नेमका बसला की तोंडात काही आहे हे विसरायला झालं. कबड्डीत हे महत्त्वाचं. चढाईत एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत राहावं लागतं आणि ते पंचाला स्पष्ट ऐकू यावं लागतं. दुकानातल्या गार्डात माझी कबड्डी बुळबुळीत ऐकू यायची आणि पंच हात वर करून चढाई थांबवायचे. ह्यात खणखणीत यायची.

मॅडमनी सांगितलं की गार साध्या पाण्याने धुवायचा, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, सावलीत कोरडा करायचा आणि भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. आई शेजारी उभी राहून ऐकत होती. बाहेर पडल्यावर रिक्षात ती म्हणाली, "गार पान्यान कदी जंतू मरतान काय? शिकलेल्या मान्सांना बी काय बोलाचा."

तिने गार्डाचा ताबा घेतला. गावातल्या मुली त्याला माझी कवळी म्हणत मला चिडवत, तेच नाव घरात रुजलं. "कवली आन हिकडं," खेळून आले की आई हात पुढे करायची आणि मी घामेजलेला गार्ड तिच्या हातावर टेकवायची. दुसऱ्या दिवशी तो डबीत स्वच्छ मिळायचा. ती तो कसा धुते हे मी विचारलं नाही. घरातली भांडी कशी घासली जातात हे तरी कोण विचारतं?

हळूहळू गार्ड पिवळट झाला. मग कडक. कडा हिरडीला लागायला लागल्या. एका बाजूने तो किंचित उचलला गेला होता, आणि कबड्डी कबड्डी म्हणताना टकटक वाजायचा. त्याचा पृष्ठभाग जिभेला खरखरीत लागायचा. जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी जवळ आली होती आणि पंच पुन्हा हात वर करायला लागले होते. मला वाटलं, बाईंनी हलका माल गळ्यात मारला. मी एकटीच अलिबागला गेले आणि त्यांच्या दवाखान्यात, पेशंट बसलेले असताना, आवाज चढवून भांडले.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी गार्ड हातात घेतला, उजेडात धरला, मग नाकाशी नेला.

"याला बोंबलाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "आणि क्लोरीनचा."

मग त्यांनी खणातून त्याच पदार्थाची एक उरलेली पट्टी काढली आणि बोटांत धरून वाकवली. ती पार वळली आणि सोडल्यावर सरळ झाली. माझा गार्ड त्यांनी दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवला. कट् असा आवाज झाला आणि त्यांच्या हातात दोन तुकडे आले. बाकावरच्या पेशंटांनीही माना वर केल्या.

त्यांनी मला समजावून सांगितलं. हा पदार्थ प्रकाशाने घट्ट होतो, आणि हवा तेवढा घट्ट झाला की थांबवायचा असतो. उन्हात टाकला तर त्याचं घट्ट होणं पुढे चालूच राहतं, मग तो वाकायचं विसरतो. गरम पाण्याने आकार बिघडतो. तीव्र औषधाने वरचा थर खरवडला जातो, आणि मजा अशी की त्या खरबरीत जागेत जंतूंना बसायला आणखी कोपरे मिळतात. "धुवायला हवाच," त्या म्हणाल्या, "पहिल्याची बुरशी पाहिलीस ना? पण कोणत्या पदार्थाला कोणतं औषध सोसतं हे बघून. आपल्याला जंतू मारायचेत, गार्ड नाही."

माझे दात संगणकात होतेच, नवा गार्ड चाचणीच्या आधी मिळेल असं त्यांनी सांगितलं. मग खुर्चीत बसवून तो करडा दात तपासला, हलवून पाहिला. "घट्ट आहे. नवलच म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईने त्या दिवशी तो नळाखाली घासून धुतला असता तर मी काही करू शकले नसते. मुळावर एक नाजूक पापुद्रा असतो, तो ओला राहिला, जिवंत राहिला, म्हणून दात धरला. आणि रंगाचं म्हणशील तर नस तुटली तेव्हाच तो ठरला होता." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. बोंबलाचा वास कुठून आला हे मला कळून चुकलं होतं आणि घरी जाऊन कोणत्या शब्दांत सुरुवात करायची याची जुळवाजुळव चालली होती.

घरामागच्या वलांडीवर, बोंबलांच्या रांगेच्या टोकाला, जुन्या जाळ्याची शिवलेली एक इवलीशी पिशवी कितीतरी दिवस लटकत होती. ती कावळ्यांसाठी काहीतरी असेल असं मी धरून चालले होते. मी सरळ तिथे गेले. पिशवी रिकामी होती आणि खाली टोपात गढूळ पांढरं पाणी होतं. वादळानंतर विहिरी खराब झाल्या तेव्हा ग्रामपंचायतीने वाटलेली विहिरीत टाकायची पावडर, जिला आमच्याकडे सगळे टीसीएल म्हणतात, तिच्या वासाने माझे डोळे चुरचुरले.

आई जवळा उलथत होती. मला बघून नेहमीसारखा हात पुढे केला. "कवली?"

मी दोन तुकडे जवळ्यावर फेकले. आणि मग जे तोंडाला येईल ते बोलले. सांगितलेलं ऐकायचं नाही, आपलंच घोडं पुढे दामटायचं, माझे दात म्हणजे काय बोंबील आहेत का मीठ लावून उन्हात घालायला, तुला मी खेळणंच नको होतं, म्हणून मुद्दाम केलंस. शेवटचं वाक्य खोटं होतं हे बोलतानाच मला ठाऊक होतं. तरी मी ते बोलले, आणि शेजारच्या वलांडीपर्यंत जाईल अशा आवाजात.

आई खाली बसली आणि जवळ्यातून ते तुकडे निवडून काढले. एकमेकांना लावून बघितले. पदराने पुसले.

"मी आधी कडकडीत पान्यान धुयाची," ती म्हणाली. "मग टीसीएलच्या पान्यान ठेवायची. मग उन्हान. दुपारी पलटी करायची, दोनी बाजू वाल्ल्या पायजेत. कावल्यांनी नेऊ नये म्हनून पिशवी शिवली. रोज केला. एक दिस चुकवला न्हाय."

"पण का? सांगितलं होतं ना मॅडमनी!"

तिने तुकडे पदराच्या टोकात बांधले.

"तो दात मी धुतला न्हवता," ती म्हणाली. "हात मासलीचं. जवल पानी न्हवता. वालूत पडला व्हता, तसाच तोंडान घातला. माज्या मशेरीच्या तोंडान. तितं दात बसवल्याव मॅडमनी मना गुलनी कराया लावली. मना तवाच समजला. मग तो काला पडला. माज्या तोंडान काला पडला, बाय. पोरीचा दात मी नासवला. म्हनून म्हटला, ह्या टायमाला काय बी घान ठेवायची न्हाय."

वारा बोंबलांमधून येत होता आणि ते एकमेकांवर आपटून वाजत होते. मशेरी, रिक्षातले ते मिटलेले ओठ, बेसिनवरच्या त्या न संपणाऱ्या गुळण्या, सगळं माझ्या डोळ्यांसमोरच झालं होतं. मी बाजूला होते आणि मला फक्त तिला लागणारा वेळ दिसला होता. मला इतकी लाज वाटली की रागच बरा होता.

मी तिच्याजवळ वाळूत बसले आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं, जे मी नीट ऐकलंही नव्हतं, ते आठवून आठवून सांगितलं. दात जगला तो तू धुतला नाहीस म्हणून. तोंडात ओला ठेवलास म्हणून. नळाखाली धरला असतास तर आज तिथे भोक असतं. आणि रंग मशेरीने नाही गेला, नस तुटली म्हणून गेला. गुळणी करायला लावली ती तुझ्या ओठांना माझं रक्त लागलं होतं म्हणून.

"खरा सांगतंस?" तिने विचारलं.

"मॅडमना विचार."

तिने नाक ओढलं, उठली आणि राहिलेला जवळा उलथायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "मंग तवाच सांगायचा व्हता ना त्यांनी." तिचं हे म्हणणं मला आजही पटतं. त्या दिवशी कोणी एक वाक्य बोललं असतं, तर ती बाई इतके महिने स्वतःला नासकं समजत वावरली नसती. पण मॅडमना घाई होती, मला दुखत होतं आणि आईला विचारायची सवय नव्हती. जे जपायचं असतं त्याला माणूस आपल्याला जे येतं तेच करतो. आईला मासळी टिकवता येत होती.

नवा गार्ड घ्यायला ती माझ्याबरोबर आली. मॅडमना तिने काही विचारलं नाही. मॅडमनीच तिचा हात धरला आणि त्या दिवशी म्हणायचं राहून गेलेलं सगळं सांगितलं. आई खाली बघून ऐकत होती आणि पदराचं टोक पिळत होती. ह्या पदार्थाला चालतील अशा गोळ्या मॅडमनी दिल्या, अधूनमधून पाण्यात विरघळवून वापरायला. गार पाणी, सावली, डबी, हे आईने रस्ताभर पाठ केलं. घरी आल्यावर ऊन न लागणारी आणि कोणाचा हात न पोचणारी जागा शोधताना तिला एकच सापडली. त्यामुळे निवड चाचणीपर्यंत माझी कवळी देव्हाऱ्यात, देवांच्या मागे राहिली.

मशेरी तिने पुन्हा घेतली नाही. ते मात्र बरंच झालं.

चाचणीला आई आली. त्याआधी ती माझी एकही मॅच बघायला आली नव्हती, तिला बघवत नसे. दोरीला लागून बायकांच्या घोळक्यात बसली होती, आणि बाजार उरकून थेट आल्यामुळे तिच्या भोवती थोडी जागा आपोआप मोकळी झाली होती. मी चढाईला गेले, आवाज खणखणीत लागला, एकीला टिपलं. दुसऱ्या चढाईत तिघींनी मला आडवं केलं आणि कोणाचं तरी कोपर नेमकं तोंडावर आदळलं. कानात घंटा वाजली. पंचांनी शिट्टी दिली, खेळ थांबला. मी रेषेबाहेर आले, गार्ड काढून हातात घेतला. तो अखंड होता. तोंडात रक्ताची चव नव्हती. पण दाताला जीभ लावायची माझी हिंमत होईना.

आई दोरीखालून आत आली होती. माझ्यापुढे उभी राहिली, हात उचलला, आणि तसाच थांबवला. स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग इकडेतिकडे बघायला लागली. ती पाणी शोधत होती.

मी तिचा हात धरला आणि तिचं बोट, जसं होतं तसं, खारट, मासळीच्या वासाचं, माझ्या तोंडात घातलं. तिने दात धरला. एकदा पुढे लोटून पाहिला, एकदा मागे. तिचे डोळे भरले होते, पण बोट स्थिर होतं.

"हालत न्हाय," ती म्हणाली. "जा. खेल."